विमान वर कशाच्या आधाराने राहते?



कापूस वेचणीच्या दिवसांत परभणीच्या आसपास कुठल्याही शिवारात सकाळी उभे राहा आणि मान वर करून पाहा. आभाळ निवळलेले असले तर एखादी पांढरी रेघ हळूहळू लांबत जाताना दिसते. रेघेच्या टोकाला टाचणीएवढे काहीतरी चकाकत असते. घरघर ऐकू येते ती मागाहून, आणि ज्या जागी विमान दिसते त्या जागेकडून येत नाही, बरीच मागून येते. पोरे चुकीच्या दिशेला पाहतात आणि म्हणतात, "आवाज आहे, पण विमान कुठंय?" विमान साधारण दहा किलोमीटर उंचीवर असते. तिथून आवाज खाली उतरायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात ते सात किलोमीटर पुढे निघून गेलेले असते.

शाळेत भारताचा नकाशा असेल तर दिल्ली आणि बंगळूर ह्या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. दोरा नांदेडच्या अगदी जवळून जातो. विमाने काही दोऱ्यासारखी सरळ जात नाहीत, त्यांनाही ठरवून दिलेल्या वाटा असतात. तरी पूर्णेकडच्या आभाळात उत्तर-दक्षिण रेघा का दिसतात, ह्याचा अंदाज एवढ्यावरून येईल.

आता मुख्य प्रश्न. त्या टाचणीचे वजन किती? आपल्याकडे नेहमी वापरात असणारे दीड-पावणेदोनशे उतारूंचे विमान पूर्ण भरले म्हणजे सुमारे ७८ टनांचे होते. एवढा बोजा वर तरंगतो आणि खाली हात लावायला कोणी नाही. तो कशाच्या आधाराने राहतो?

ह्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः पुष्कळ वर्षे वर्गात चुकीचे शिकवले आहे. शाळामास्तर होतो, आणि एका पुस्तकात वाचले तसे सांगत होतो. विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असते आणि खालची सपाट. म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला पडतो. खालून गेलेल्या सोबतिणीला पंखाच्या मागच्या कडेशी एकाच वेळी गाठायचे, म्हणून वरची हवा पळत सुटते. पळत्या हवेचा दाब कमी, म्हणून पंख वर उचलला जातो. फळ्यावर आकृती काढायची, दोन बाण दाखवायचे, की झाला तास.

एके वर्षी सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, पण वरच्या हवेला खालच्या हवेला भेटायचंच कशाला? त्यांचं काय ठरलेलं असतंय का?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि "खाली बस" म्हणालो. घरी जाताना मात्र तो प्रश्न सायकलच्या मागच्या चाकासारखा पाठीशी लागला. खरेच, काय ठरलेले असते? काहीही नाही. पुढे कळले की बोगद्यात वारा सोडून आणि त्यात धुराच्या रेघा सोडून हे पाहिलेले आहे. वरची हवा खालच्या हवेसाठी थांबत नाही आणि तिला गाठतही नाही. ती आधीच पुढे निघून जाते. म्हणजे वरची हवा वेगाने जाते हे खरे, तिचा दाब कमी असतो हेही खरे, पण मी जे कारण सांगत होतो ते मुळातच खोटे होते. फुगीर पाठ हेच कारण असते, तर कसरतीची विमाने उलटी होऊन उडतात ती उडालीच नसती, तत्काळ जमिनीवर आली असती. आजही किती शाळांत तीच आकृती काढली जाते! म्हणून शिक्षक मंडळींनी पुढचा भाग जरा बारकाईने ऐकावा, ही विनंती.

सुरुवात हवेपासून करू. हवेला आपण 'काही नाही' समजतो. डबा रिकामा आहे म्हणतो, तेव्हा त्यात हवा असते हे विसरतो. जमिनीलगतच्या एक घनमीटर हवेचे वजन एक किलोहून थोडे जास्त भरते. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशी वर्गखोली घ्या. तिच्यात १०५ घनमीटर हवा मावते, म्हणजे क्विंटलाहून जास्त वजन झाले. कापसाचे एक बोचके उचलताना कंबर धरते. तेवढाच माल शाळेच्या खोलीत न दिसता भरलेला असतो. शिवाय डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीचा हवेचा थर आहे. त्याचा दाब जमिनीवर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे दहा टन पडतो. आपण चेपत नाही, कारण तो दाब सगळीकडून सारखाच असतो. आतूनही आणि बाहेरूनही.

ही सारखेपणाची घडी जराशी विस्कटली म्हणजे काय होते, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायला नको. वैशाखात वळवाचा वारा सुटतो आणि गोठ्यावरचे पत्रे पतंगासारखे उडून तिसऱ्याच्या शेतात जाऊन पडतात. आपण पत्र्यावर दगड ठेवतो, मोडके चाक ठेवतो, ते कशासाठी? पत्रा काही खालून कोणी ढकलत नाही. वारा छपरावरून झपाट्याने वळून जाताना वरचा दाब उतरतो. खाली गोठ्यातली हवा मात्र जवळजवळ स्थिर असते आणि तिचा दाब कायम असतो. वरून भार हलका झाला की खालचा दाब पत्र्याला वर रेटतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा असला तर ही उचल दर चौरस मीटरला चाळीस किलोपर्यंत जाऊ शकते. पत्र्याचे स्वतःचे वजन चार-पाच किलो. मग तो राहील कसा?

विमानाचा पंख म्हणजे मुद्दाम उडवायला केलेला पत्रा. फरक इतकाच की गोठा जागेवर असतो आणि वारा धावतो. इथे वारा जागेवर असतो आणि पंख धावतो. हवेला दोन्ही सारखेच. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. धावपट्टीवरून उठताना हे विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावत असते. वळवाच्या वाऱ्याच्या अडीच पट वेग, म्हणजे सव्वासहा पट उचल. पंखाचा आकार आणि त्याची कललेली बैठक ह्यांमुळे ती आणखी वाढते.

आता हिशेब करा. ७८ टनांच्या ह्या विमानाचे पंख सुमारे १२२ चौरस मीटरचे असतात. भागाकार केला तर दर चौरस मीटरला ६४० किलोंची उचल लागते. हवेचा मूळ दाब दहा टन. म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबांत सोळाव्या हिश्श्याचा फरक पडला, की विमान उचलले गेले. रुपयात एक आणा. मला ह्या हिशेबाचे नेहमी नवल वाटते. आपण समजतो की विमान उडवायला हवेवर केवढा जुलूम करावा लागत असेल; प्रत्यक्षात हवेकडून सोळावा भागच उसना घ्यावा लागतो.

पण वरचा दाब उतरतो का? ह्यासाठी प्रयोगशाळा नको. एक चमचा दांडीच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरून लोंबता ठेवा. दुसऱ्याला तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडायला सांगा. चमच्याची फुगीर पाठ त्या धारेला हळूच लावा. चमचा धारेपासून दूर लोटला जाईल असे वाटते, पण तो धारेतच ओढला जातो. नीट पाहा, धार सरळ खाली पडत नाही. ती चमच्याच्या पाठीला चिकटून वळते आणि दुसऱ्या बाजूला फेकली जाते. पाणी एकीकडे गेले, चमचा दुसरीकडे गेला. पंखावरची हवा अशीच पंखाच्या पाठीला धरून वळते आणि मागच्या कडेवरून खाली फेकली जाते. पंखाच्या पोटाखालची हवाही कललेल्या पंखामुळे खाली दाबली जाते. पंखाने हवा खाली लोटली, हवेने पंख वर लोटला. न्यूटनचा तिसरा नियम आपण पाठ करून घेतो, तोच हा. दाबाचा फरक आणि खाली लोटलेली हवा ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. एकाच व्यवहाराच्या जमा-खर्चाच्या दोन बाजू आहेत. आपल्या डोक्यावरून जाणारे ते विमान दर सेकंदाला कित्येक टन हवा खाली लोटत पुढे जात असते.

पंख फार उभा केला तर मात्र हवा त्याच्या पाठीला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल एकदम कमी होते. म्हणून उतरताना विमानाचा वेग कमी झाला की पंखाच्या मागच्या कडेतून फळ्या बाहेर सरकतात आणि खाली वाकतात. पंख मोठा होतो, जास्त वाकडा होतो आणि कमी वेगातही भार पेलतो. बांधावर उतरणारा बगळा पंख पसरून, पिसे मोकळी करून हेच करतो. बगळ्याकडे एकदा लक्ष द्या.

ह्यात इंजिनाचे काम कोणते? विमान उचलणे हे इंजिनाचे काम नव्हे. ते फक्त पुढे ढकलते. हवा आत घेते, दाबते, तेल जाळून तापवते आणि मागे झोकून देते. हवा मागे गेली म्हणून विमान पुढे गेले. इंजिन थांबले तर विमान दगडासारखे खाली पडते, हा समज सर्रास आहे. तसे होत नाही. आजचे मोठे विमान इंजिन बंद असताना एक किलोमीटर खाली उतरेपर्यंत साधारण पंधरा किलोमीटर पुढे जाते. परभणीवर दहा किलोमीटर उंचीवर असताना दोन्ही इंजिने बंद पडली, तर साठेक किलोमीटरवरचे नांदेड सहज टप्प्यात येते.

हे नुसते कागदी गणित नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका मोठ्या बोइंग विमानातले तेल ४१,००० फुटांवर संपले. दोन्ही इंजिने बंद. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन ह्यांना बिनइंजिनाची विमाने उडवायचा सराव होता. त्यांनी ते अवाढव्य धूड घारीसारखे तरंगत आणले आणि गिमली नावाच्या गावी, हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या! सगळे उतारू वाचले.

तेल संपले का, ते शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. विमानाचा तेलमापक बिघडलेला होता, म्हणून टाकीत पट्टी घालून तेल मोजले. कॅनडात तेव्हा पौंड सोडून किलो वापरायला नुकतीच सुरुवात झाली होती. लिटरचे वजन काढताना ०.८ ने गुणायचे, तिथे जुन्या सवयीने १.७७ ने गुणले. पहिल्याने किलो येतात, दुसऱ्याने पौंड. आकडा बरोबर दिसला, पण माल निम्म्याहून कमी निघाला. पोरे विचारतात, "गुरुजी, उत्तर बरोबर आहे, एकक लिहिलं नाही तर काय बिघडलं?" त्यांना ही गोष्ट सांगावी.

आता थोडे उतारू-विमानांच्या धंद्याविषयी. आपल्या देशात विमानाने पहिली कामगिरी केली ती माणसांची नव्हे, पत्रांची. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. टाटांचे नियमित टपाल सुरू झाले ते १९३२ साली. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले. विमान इवलेसे, एका इंजिनाचे. अहमदाबादला त्यात तेल भरायचे होते, आणि तेलाचे डबे मैदानावर आले ते बैलगाडीतून. विमानाला बैलाने चारा पुरवला म्हणायला हरकत नाही. पुढे मुंबईहून मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी बेल्लारीमार्गे नेले. जुहूचे मैदान मातीचे होते. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचे, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे.

आपला परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १९४५ साली हैद्राबादेत 'डेक्कन एअरवेज' ही विमान कंपनी निघाली. टाटांचा तिच्यात भाग होता, पण मोठा वाटा निजामाच्या रेल्वेचा. तीच रेल्वे, जिची मनमाडहून परभणी-नांदेडमार्गे सिकंदराबादेकडे जाणारी गाडी आपल्या स्टेशनात थांबत असे. म्हणजे आगगाडीने विमान पाळले होते. १९५३ साली देशातल्या विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा ही कंपनी 'इंडियन एअरलाइन्स'मध्ये सामील झाली.

मला सर्वांत आवडते ती नागपूरची हकीकत. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल-विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास ह्या चार टोकांहून चार विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्या आणि उतारू ह्यांची अदलाबदल होई आणि पहाट होईतो चारही आपापल्या गावी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यास! पूर्णा जंक्शनवर रात्री गाड्या बदलताना जी धांदल असते, तीच सोनेगावच्या विमानतळावर. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे भूगोलात आपण नुसते घोकतो. त्या मध्याचा उपयोग काय, ते टपालखात्याने दाखवून दिले.

आपल्या भागात म्हणाल तर नांदेडचा विमानतळ आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतली अगदी पहिली जी विमाने सुटली, त्यांत नांदेड-हैद्राबादचे एक होते. ती सेवा चालवणारी कंपनी पुढे बंद पडली. लहान गावचे विमान आणि लहान गावचे थिएटर, दोन्ही चालू राहतील असे धरून चालू नये.

विमानात बसायचा योग आला तर काही गोष्टी लक्षात ठेवून पाहा. धावपट्टीच्या टोकाला मोठे आकडे रंगवलेले असतात. मुंबईला एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७. हे अनुक्रमांक नव्हेत, होकायंत्राच्या दिशा आहेत. शेवटचे शून्य गाळलेले: ९० अंश पूर्व, २७० अंश पश्चिम. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उठते. समोरचा वारा पंखाला फुकटचा वेग देतो, म्हणून वाऱ्याप्रमाणे टोक निवडतात. उन्हाळ्यात दुपारी हवा तापून विरळ होते, उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त लांब धावावे लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात बैलही दुपारी ओढत नाही, तसेच काहीसे.

बाहेर दहा किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या चौथ्या हिश्श्याइतका आणि थंडी शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास. तिथे माणूस जगायचा नाही, म्हणून इंजिनाकडची दाबलेली हवा आत सोडतात. तरी आत जमिनीसारखी हवा नसते. साधारण सात-आठ हजार फुटांवर असावी तेवढी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ. कानात दडे बसतात ते त्यामुळे. आवंढा गिळावा, लहान मूल असेल तर त्याला दूध पाजावे. खिडकीच्या काचेला खालच्या अंगाला टाचणीएवढे भोक दिसेल. घाबरू नका, ते मुद्दाम ठेवलेले असते. खिडकीला एकामागे एक काचा असतात. दोन काचांमधल्या पोकळीत आणि आत दाब सारखा राहावा, सगळा भार बाहेरच्या जाड काचेने घ्यावा आणि काचेवर धुके धरू नये, म्हणून ती सोय आहे. अपघातानंतर वर्तमानपत्रांत 'काळी पेटी' शोधल्याचे वाचतो, ती काळी नसतेच. सापडावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग देतात.

राहता राहिली आपली पांढरी रेघ. पुष्कळांना तो धूर वाटतो. इंजिनात तेल जळते तेव्हा पाण्याची वाफ तयार होते. ती वरच्या कडाक्याच्या थंडीत गोठते आणि बर्फाच्या बारीक कणांचा ढग होतो. पौषात सकाळी तोंडातून वाफ दिसते, त्याच जातीची ही गोष्ट. वरची हवा कोरडी असली की रेघ विमानामागे थोडी दिसते आणि लगेच विरते. वर ओल असली की रेघ टिकते, रुंदावते आणि कधी कधी तासभर पिंजलेल्या कापसासारखी पसरून राहते. शिक्षकांनी पाचवी-सहावीच्या मुलांना एक वही द्यावी. रोज एकाच वेळी रेघ दिसली का, किती वेळ टिकली, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ कसे होते, एवढे तीनच रकाने. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत वही भरली म्हणजे रेघ टिकण्याचा आणि ढग येण्याचा काही मेळ आपल्या गावावर बसतो का, ते मुले स्वतःच सांगतील. आणि मेळ बसला नाही, तर तसेही लिहू द्यावे.